मरीन टँकमधलं शेवाळ कुठून येतं आणि आटोक्यात कसं ठेवायचं

२०० लिटरचा एक मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी, धरू. त्यात रोज फक्त १ ग्रॅम कोरडं खाद्य पडतं, चिमटीत मावेल एवढं. अशा खाद्यात वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे १० मिलिग्रॅम. पाण्यात तो फॉस्फेट होऊन उतरतो. फॉस्फरसच्या एका अणूला ऑक्सिजनचे चार अणू जोडले जात असल्यामुळे वजन तिपटीवर जातं आणि १० चे ३० मिलिग्रॅम होतात. २०० लिटरमध्ये ते मिसळले की फॉस्फेट ०.१५ पीपीएमने (लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमने) वाढतं. मरीन टँक सांभाळणारी अनुभवी मंडळी फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतात. एका दिवसाच्या चिमटीनेच ती वरची रेघ ओलांडली.

नायट्रोजनचं गणितही असंच निघतं. खाद्यात ४५ टक्के प्रथिनं असतील, तर १ ग्रॅममध्ये सुमारे ७० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्याचं नायट्रेट झालं की ३०० मिलिग्रॅमच्या वर भरतं. म्हणजे रोज दीड पीपीएम. यातला काही भाग माशाच्या वाढीत जातो हे खरं, पण पूर्ण वाढलेला मासा खाल्लेल्यातलं बहुतेक सगळं कल्ले, लघवी आणि विष्ठेवाटे पाण्यातच परत सोडतो.

दगडावर हिरवे केस वाढायला लागले की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘काय टाकू?’ असा. कळकळीने सांगावंसं वाटतं की बाटली शोधण्याआधी एक कागद घ्या आणि टाकीत रोज काय येतं, काय जातं ते लिहा. घरखर्चाची वही असते तशी. शेवाळ म्हणजे त्या वहीतली शिल्लक. जेवढं आत आलं आणि बाहेर गेलं नाही, तेवढं कुणीतरी खाणारच. प्रकाश आहे, ऊब आहे, खत आहे. शेवाळाला आणखी काही लागत नाही.

पाणी बदलून किती फरक पडतो

‘दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो पाळावाच. पाणी बदलल्याने क्षार आणि सूक्ष्म खनिजं भरून निघतात, सायफन करताना, म्हणजे नळीने पाणी ओढून काढताना, वाळूतला गाळही निघतो. पण शेवाळावरचा इलाज म्हणून तो पुरेल असं मानू नका. वरच्या टाकीत आठवड्याला साधारण साडेदहा पीपीएम नायट्रेट वाढतंय. १० टक्के पाणी बदललं की असलेल्या नायट्रेटचा दहावा भाग जातो. येणं आणि जाणं सारखं व्हायचं तर तो दहावा भाग साडेदहा भरला पाहिजे. म्हणजे बाहेर पडायची दुसरी वाट नसेल, तर नायट्रेट १०० पीपीएमच्या वर गेल्यावरच ते स्थिरावेल. नायट्रेटसाठी २ ते १० पीपीएमचं लक्ष्य असलेल्या टाकीत हा आकडा काय करेल, याची कल्पना येते.

सुदैवाने नायट्रोजनला दुसरी वाट असते. माशाने सोडलेल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या छिद्रांमध्ये, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे वेगळे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुडा होऊन हवेत निघून जातो. म्हणूनच सच्छिद्र दगड भरपूर असलेल्या जुन्या टाकीत नायट्रेट बरंच आटोक्यात राहतं.

फॉस्फरसचं तसं नाही. टाकीत त्याचा वायू होत नाही. खाद्यातून आलेला प्रत्येक मिलिग्रॅम तुम्ही स्वतः बाहेर काढेपर्यंत टाकीतच राहतो: पाण्यात, वाळूतल्या गाळात, शेवाळात किंवा दगडात. दगडात असण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण त्यानेच माणसं सगळ्यात जास्त हैराण होतात. कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं प्रमाण कमी झालं की साठवलेलं हळूहळू सोडतात. फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम घातलं, दोन दिवसांत आकडा खाली आला, आणि आठवड्याने पुन्हा होता तिथे, असं झालं तर माध्यम खोटं नसतं. दगड आपली जुनी साठवण परत करत असतो. वर्षभर भरभरून खाऊ घातलेली टाकी पूर्ववत व्हायला काही महिने लागतात आणि तेवढे द्यावेच लागतात.

किट शून्य दाखवतं तेव्हा

टाकीत हिरवं रान माजलेलं, आणि टेस्ट किट मात्र नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दाखवतंय, हा अनुभव अनेकांना येतो. यात कोडं काहीच नाही. किट मोजतं ते शेवाळाने खाऊन उरलेलं. दिवसाला दीड पीपीएम येत असेल आणि शेवाळ दीड पीपीएम खात असेल, तर पाण्यात शून्यच दिसणार. म्हणून एकट्या आकड्यावरून टाकीची अवस्था ठरवू नये. आकडा आणि काच, दोन्ही बघावं. काच दोन-तीन दिवसांत पुसावी लागत असेल तर येणं जास्त आहे, किट काहीही म्हणो.

अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण बरंच स्थिर असतं हे १९३० च्या दशकात मांडलं. पुढे ते १०६:१६:१ असं रूढ झालं. मरीन टँकवाले हे गुणोत्तर फार मनावर घेतात आणि टाकीतलं पाणी त्यात बसवायला बघतात. पण दगडाला धरून वाढणाऱ्या मोठ्या शेवाळात हेच प्रमाण १९८३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात सरासरी ५५०:३०:१ निघालं होतं. म्हणजे या शेवाळाला फॉस्फरस फारच थोडा पुरतो. त्याला उपाशी मारायचं म्हणून पाण्यातलं खत शून्यावर आणायला गेलात, तर शेवाळाच्या आधी टाकीतले उपयोगी जिवाणू उपाशी पडतात.

आणि मग येतात डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकटा करणारे एकपेशीय जीव. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. इथे एवढंच की शून्य हे लक्ष्य ठेवू नका. थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट आणि ते खाणारे पुष्कळ, अशी टाकी निरोगी असते.

नळाचं पाणी आणि घरातला आरओ

टाकीतून पाणी उडून जातं, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. पंखा चालू असलेल्या खोलीत, एप्रिल-मे महिन्यात, मध्यम टाकीतून दिवसाला २ लिटर सहज उडतात. तेवढं गोडं पाणी रोज भरावं लागतं. ते ३०० टीडीएसचं (लिटरमागे ३०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ असलेलं) बोअरचं पाणी असेल, तर रोज ६०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ टाकीत जमा होतात आणि पाणी उडालं तरी ते उडत नाहीत. शेतीच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणं नवीन नाही. सिलिकेटही बहुतेक पाण्यात असतं.

यावर आपल्याकडे सर्रास मिळणारं उत्तर म्हणजे ‘घरात आरओ आहे ना, त्याचंच भरतो.’ इथे थांबून बघा. घरगुती प्युरिफायर पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. अनेक मशिनांमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, जो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींमध्ये खनिजं घालणारं कार्ट्रिज असतं. पिण्यासाठी ते ठीकच, टाकीला नको. तंत्रज्ञाला सांगून आरओ मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी त्या दोन्हींच्या आधीच वेगळ्या नळीने घेता येतं, आणि त्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) एक कार्ट्रिज जोडलं की टीडीएस मीटर शून्य दाखवतो. मीटर काहीशे रुपयांत मिळतो. शेवाळासाठी एकच वस्तू विकत घ्यायची झाली तर मी आधी हा मीटर घेईन, औषधाची बाटली नव्हे.

मीठही याच पाण्यात कालवायचं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरून बादलीने समुद्राचं पाणी आणू नये. खाडीतून आणि नाल्यांतून येणारं सगळं त्यात असतं, पावसाळ्यात तर जास्तच.

आधी ओळख, मग उपाय

‘शेवाळ’ या एका शब्दाखाली आपण निदान अर्धा डझन वेगळ्या जीवांना ढकलतो, आणि एकावर चालणारा उपाय दुसऱ्याला पोसतो.

नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसते. हे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. पाण्यातलं आणि वाळूतलं सिलिकेट संपत आलं की ते आपोआप विरळ होतात. काहीही करायची गरज नसते, हाताने पुसलं तरी पुरे. त्यानंतर काचेवर हिरवा थर आणि दगडावर तोकडे हिरवे केस येतात. हाही टाकी वयात येण्याचा भाग आहे. गुलाबी-जांभळा कडक थर दिसला तर आनंद माना, ते कोरलाइन शेवाळ. ते दगडावर जागा धरून ठेवतं आणि उपद्रवी शेवाळाला ती मिळत नाही.

लांब, मऊ, हाताने उपटल्यावर निघणारे हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी. वरचा सगळा हिशोब मुख्यतः त्यांचाच. प्रत्येक फांदी पिसासारखी दिसत असेल तर तो ब्रायोप्सिस. तो गोगलगायींना आवडत नाही आणि दगडात मुळं धरल्यासारखा चिकटतो. काचेच्या गोट्यांसारखे हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. त्यातला एकेक फुगा ही एकच पेशी असते, कितीही मोठी दिसली तरी. फुगा न फोडता, सायफनची नळी जवळ धरून मुळापासून सोडवावा. एमराल्ड खेकडे तो खातात, पण सगळेच खातील याचा भरवसा नाही.

आता दोन जीव, जे वरच्या हिरव्या शेवाळापेक्षा वेगळे असूनही त्याच्यासारखेच वागवले जातात.

पहिला सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. वाळूवर किरमिजी, गडद लाल किंवा निळसर हिरवा लिबलिबीत पापुद्रा, उचलला की चादरीसारखा अखंड निघतो. हे जिवाणू आहेत. त्यांच्यातले काही हवेतून विरघळलेला नायट्रोजन स्वतः वापरू शकतात, म्हणून नायट्रेट कमी करून ते जातीलच असं नाही. उलट नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट जास्त अशा टाकीत त्यांची चंगळ होते. प्रवाह मंद असलेल्या, गाळ साचणाऱ्या कोपऱ्यात ते आधी येतात. सायफनने काढा, वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, वाळूतला गाळ ओढून घ्या. बाजारात अँटिबायोटिकवर चालणारी औषधं मिळतात आणि दोन दिवसांत लाल थर नाहीसा करतात. मी त्यांच्या स्पष्ट विरोधात आहे. पाणी बदलताना ते अँटिबायोटिक आपल्याच सांडपाण्यात जातं, आणि कारण तसंच राहिल्यामुळे सायनो परततो.

दुसरा डायनोफ्लॅजेलेट, मरीन टँकवाल्यांच्या बोलीत ‘डायनो’. तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. सकाळी दिवे लागताना टाकी बरी दिसते, दुपारपर्यंत सगळं माखतं, रात्री पुन्हा विरळ होतं. डायटमशी गल्लत होते, म्हणून एक सोपी चाचणी आहे. थोडा चिकटा टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोराने हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी स्वच्छ दिसतं. ते तासभर उजेडात ठेवा. पुन्हा धागे, गोळे जमले तर डायनो आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं करून बघितलं तर जातही कळू शकते, आणि ती कळणं फार उपयोगाचं आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे टाकीचं पाणी यूव्ही दिव्यातून फिरवलं तर तो मरतो. अँफिडिनियम वाळूत दडून बसतो, त्यावर यूव्हीचा फारसा परिणाम होत नाही.

डायनो बहुधा येतात ते अति स्वच्छ केलेल्या, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलेल्या टाकीत, आणि कोरड्या, निर्जीव दगडावर उभारलेल्या नव्या टाकीत, जिथे जागा अडवणारे दुसरे जीवच नसतात. घाबरून आणखी पाणी बदलणं, आणखी फॉस्फेट ओढून घेणं म्हणजे त्यांना मोकळं रान देणं. इथे उपाय उलटा आहे: पाणी बदलणं थांबवा, शोषणारं माध्यम काढा, खाद्य थोडं वाढवून नायट्रेट-फॉस्फेट मोजण्याइतकं येऊ द्या, तीन दिवस दिवे बंद ठेवा, आणि एखाद्या जुन्या निरोगी टाकीतली मूठभर वाळू आणून घाला.

ऑस्ट्रिऑप्सिसच्या बाबतीत एक इशारा. त्याची विषं खरीखुरी आहेत. तो खाणाऱ्या गोगलगायी मरतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या जीवाचा बहर आला होता आणि समुद्राच्या तुषारांमधून त्रास झालेल्या २०० हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. टाकीत हात घालताना हातमोजे घाला, ब्रशने पाणी उडवू नका.

खाणारे हवेत

प्रवाळ बेटांभोवतीचं पाणी नितळ असतं, त्यात खत कमी असतं, म्हणून तिथे शेवाळ नसतं, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शेवाळ तिथे सतत उगवत असतं आणि सतत खाल्लं जात असतं. खाणारे गेले की काय होतं, हे कॅरिबियन समुद्राने दाखवून दिलं. डायडेमा नावाचे लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन तिथे दगडांवरचं शेवाळ खरवडून खात. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ ते मरू लागले आणि साधारण वर्षभरात संपूर्ण कॅरिबियनमध्ये ९० टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. जमैकात शाकाहारी मासे आधीच अतिमासेमारीने संपत आले होते, चक्रीवादळांनी प्रवाळ मोडले होते, त्यात हे घडलं. १९७७ ते १९९३ या काळात तिथल्या प्रवाळांचं आच्छादन ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आलं आणि मोठ्या शेवाळाचं ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं.

टाकीतही हेच चालतं. तोकडं शेवाळ गोगलगाय खाऊ शकते. तेच बोटभर लांब झालं की ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून खाणारे शेवाळ वाढण्याच्या आधी टाकीत हवेत. माजलेलं रान गोगलगायी आणून साफ होत नाही, ते आधी हाताने उपटायचं.

टर्बो, ट्रोकस आणि सेरिथ या गोगलगायी, टक्सीडो सी अर्चिन, लॉनमोअर ब्लेनी हे चांगले खाणारे. नसारियसही गोगलगायच, पण ती मेलेलं मांस खाते, शेवाळ नाही. अनेकदा ती शेवाळ खाणारी म्हणून विकली जाते. टँग मासे उत्तम चरतात, पण त्यांना पोहायला लांब टाकी लागते. २०० लिटरमध्ये टँग ठेवणं मला माशावर अन्याय वाटतो. तिथे ब्लेनीच घ्यावी, आणि टाकीतलं शेवाळ संपलं की तिला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा, तुकडा द्यावा, नाहीतर ती उपाशी मरते.

खाणाऱ्यांकडून एक काम होत नाही: ते शेवाळ खाऊन त्याची विष्ठा करतात, टाकीबाहेर काही नेत नाहीत. बाहेर न्यायचं काम तुमचं.

परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलताना आपला कायदा ध्यानात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडे आहेत. ट्रोकस आणि टर्बो यांच्या काही जातीही संरक्षित आहेत. परदेशात वाळू साफ ठेवायला समुद्रकाकडी सुचवतात, ती इथे चालणार नाही. गोगलगायीची जात विचारल्याशिवाय घेऊ नका. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, त्यांचा एक मेलेला तुकडाही टाकीसाठी उचलू नये. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला दगड वापरा; सिमेंटचा असेल तर आधी काही आठवडे पाण्यात ठेवून, पाणी बदलत, त्याचा पीएच खाली आणा.

यातून एक फायदाही होतो. प्रवाळ नसलेल्या टाकीला झगझगीत प्रकाश लागतच नाही. मासे दिसावेत एवढा, दिवसाला ६ ते ८ तास पुरे. परदेशी व्हिडिओ बघून महागडे रीफ लाइट लावायचे, १२ तास चालू ठेवायचे आणि मग शेवाळावर औषध शोधायचं, यात पैसा दोनदा जातो. टाकीवर खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा.

बाहेर न्यायच्या वाटा

प्रोटीन स्किमर, म्हणजे बारीक बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात ओढणारं यंत्र, ही सगळ्यात चांगली वाट, कारण तो विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजण्याआधीच फेसाबरोबर उचलतो. कप भरून ठेवण्यात अर्थ नाही, दोन-तीन दिवसांनी धुवावा. फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवी, तर त्याहून लवकर. मळका सॉक आठवडाभर सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या उपकरणांच्या टाकीत) लटकत राहिला तर गाळ बाहेर गेलाच नाही, फक्त जागा बदलून कुजत राहिला.

मला मनापासून आवडणारी वाट म्हणजे शेवाळालाच वेगळी खोली देणं. सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा, म्हणजे नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसणारं हिरवं शेवाळ ठेवायचं आणि त्यावर दिवा लावायचा. ते पाण्यातून नायट्रेट-फॉस्फेट घेऊन वाढतं. वाढलं की मूठभर काढून टाकायचं; त्याबरोबर तो फॉस्फरस कायमचा टाकीबाहेर जातो. दिवा रात्री लावला तर आणखी चांगलं: टाकी अंधारात असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, तो हे शेवाळ सावरून धरतं. याच कल्पनेचं दुसरं रूप म्हणजे अल्गी स्क्रबर. स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी प्रवाळ बेटांवरच्या तोकड्या शेवाळाचा अभ्यास करता करता तो तयार केला आणि १९८२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. खरखरीत जाळीवरून पाणी वाहतं, जाळीवर प्रखर प्रकाश पडतो, आणि आठवड्याला जाळी काढून खरवडायची. शेवाळ येणारच असेल तर ते आपण ठरवलेल्या जागी यावं, हा विचार मला पटतो.

फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम उपयोगी आहे, पण कमी मात्रेने सुरू करा. एकदम भरपूर घातलं की फॉस्फेट शून्यावर आपटतं आणि डायनोची वाट मोकळी होते. व्हिनेगर घालून जिवाणू वाढवण्याची पद्धतही आहे, मात्र तिला चांगला स्किमर आणि रोजची शिस्त लागते; मात्रा चुकली तर जिवाणूंनी पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन संपतो. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आणि अर्थात, मुळाशी असलेलं येणं कमी करा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. ताजी कोळंबी देत असाल तर बारीक चिरून, मोजून. दगडामागे पडलेला एक तुकडा आठवडाभर फॉस्फेट सोडत राहतो.

साफसफाईचा दिवस

वाढलेलं शेवाळ हाताने काढणं कंटाळवाणं असतं, तरी त्याला पर्याय नाही. पंप बंद करा, म्हणजे तुटलेले केस सगळीकडे पसरणार नाहीत. सायफनच्या नळीला टूथब्रश बांधा, घासा आणि त्याच वेळी ओढून घ्या. सुटा निघणारा दगड टाकीच्या मिठाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत घासावा. हट्टी ठिकाणी दगड बाहेर काढून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावता येतं. काही मिनिटांनी मिठाच्या पाण्यात धुवून परत ठेवायचा. सगळे दगड एकाच दिवशी करू नका, त्यांच्यातले जिवाणूच टाकी चालवत असतात.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल हे माणसांचं बुरशीविरोधी औषध चालतं हे खरं आहे. पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे आणि बुरशीत त्याला दाद न देण्याची क्षमता वाढणं ही खरी अडचण आहे. घासणं, खाणारे आणि हिशोब हे सगळं महिनोन्महिने करून झाल्यावरच त्याचा विचार व्हावा, आणि उरलेलं पाणी सक्रिय कार्बनमधून फिरवल्याशिवाय ओतू नये.

शेवाळ एकदम मेलं, मग ते औषधाने असो वा अंधाराने, की ते कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या जवळ असतं आणि गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. म्हणून तीन दिवसांच्या अंधारात एअर पंप चालू ठेवा, स्किमर बंद करू नका, वीज जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसले तर तो धोक्याचा निरोप आहे. लगेच हवा वाढवा.

काढलेलं शेवाळ कुठे टाकायचं, हाही प्रश्न आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टाक्यांमध्ये ठेवलं जाणारं हिरवं शेवाळ आढळलं, जेमतेम एक चौरस मीटरभर. पुढच्या दोन दशकांत ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टरवर पसरलं. २००० साली तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं. तिथे ताडपत्र्या अंथरून, त्याखाली क्लोरीन सोडून ते मारावं लागलं. काम संपल्याचं २००६ मध्ये जाहीर झालं आणि ७० लाख डॉलरच्या वर खर्च आला. टाकीतलं शेवाळ, दगड, वाळू किंवा गोगलगाय खाडीत, समुद्रात, पावसाळी गटारात टाकू नये. काढलेलं शेवाळ गच्चीवर उन्हात कडक वाळवा आणि कचऱ्यात द्या. कुंडीत घालायचं असेल तर वाळवण्याआधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवून मीठ काढा.